दाढेतला दोरा

पार्लरमध्ये तिला सगळ्या भुवईताई म्हणायच्या. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट वाचतो कोण? फोनसुद्धा असाच यायचा. "भुवईताई आहेत का आज? मग येते." त्या नसतील तर पलीकडून फोन ठेवून द्यायचे. केस कापायला बाया कुणाकडेही बसत, नखं कुणाकडूनही रंगवून घेत, पण भुवया म्हणजे चेहऱ्याचा मामला. एक जरा वर गेली की बाई महिनाभर आश्चर्यचकित दिसते.

तिचं सगळं कसब एका साध्या सुती दोऱ्यात होतं. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, मध्ये पीळ घालायचा आणि बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत अडकवायचा. बोटं उघडमीट केली की पीळ पुढेमागे धावतो आणि नको तो केस मुळासकट उपटून घेतो. बघणाऱ्याला वाटतं, दोन हातांचं काम आहे. खरं तर तोंड हा तिसरा हात, आणि दोरा ताठ ठेवायची जबाबदारी त्याचीच. शिकाऊ होती तेव्हा ती पुढच्या दातांत दोरा धरायची. काही वर्षांत पुढच्या दाताला खाच पडली. मग तिने दोरा डावीकडच्या दाढेत सरकवला. उजवीकडच्या दोन दाढा कधीच्याच काढून टाकलेल्या होत्या, त्यामुळे चावणं आणि दोरा धरणं, दोन्ही कामं एकाच बाजूला आली. ती बाजू बिचारी तक्रार न करता राबत होती. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

भुवया कोरायच्या म्हणजे तोंडाला तोंड भिडवून उभं राहायचं. समोरची डोळे मिटून मान मागे टाकते आणि आपण तिच्यावर वाकायचं. मध्ये वीतभरसुद्धा अंतर नसतं. गेल्या दोनेक वर्षांत तिच्या एक लक्षात आलं होतं. तिच्या हाताखाली बाया श्वास रोखून बसायच्या. ती वाकली की त्यांची छाती थांबायची आणि ती सरळ झाली की मोठा सुस्कारा सुटायचा. तिने याला आपल्या हाताचा गुण मानलं. नव्या मुलींना शिकवताना अभिमानाने सांगायचीसुद्धा, "गिऱ्हाइकाने श्वास धरला की कातडी ताणली जाते, केस सरळ येतो. माझ्याकडे बघा, मला सांगावंच लागत नाही." मुली एकमेकींकडे बघत आणि माना डोलावत. तिला वाटायचं, चांगल्या शिकताहेत पोरी.

अशी एकदम मजेत चाललेली बाई, आणि एके दिवशी मॅडमनी तिला मागच्या खोलीत टाकलं.

मॅडम म्हणजे पार्लरच्या मालकीण. दोघी साधारण एका वयाच्या. मॅडमच्या पार्लरची पहिली खुर्ची आली तेव्हापासून ही त्या खुर्चीमागे उभी. "ताई, तुझे गुडघे आता उभं राहून राहून जातील," मॅडम म्हणाल्या. "मागे बसून काम आहे. पायांचं बघ तू. पुढचं ती बघेल." ती म्हणजे नखांची मुलगी, जी भुवया कोरायला हिच्याकडूनच शिकली होती.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. पडद्याआड दोन स्टुलं, पाय बुडवायचे टब, पाणी तापवायचं यंत्र आणि भिंतीशी ढीग करून ठेवलेले ओले टॉवेल. तिथे गिऱ्हाईक उंच खुर्चीत बसायचं आणि ही खाली, म्हणजे तोंड आणि तोंड यांच्यात एका अख्ख्या माणसाचं अंतर. पुढून केस वाळवायच्या यंत्राचा आवाज यायचा, हसण्याचा आवाज यायचा, आणि ही टाचा घासत बसायची. गुडघे दुखतात अशी तक्रार तिने जन्मात कधी केली नव्हती. उलट खाली बसूनच ते दुखायला लागले. पण मालकिणीशी वाद कोण घालणार? तिने मनाशी एकच ठरवलं होतं: आपली आरशासमोरची खुर्ची परत मिळवायची. मिळवायची म्हणजे मिळवायचीच.

दाढेचं दुखणं त्याच सुमाराचं. दुखणं म्हणावं असंही नाही. ब्रश लावला की डावीकडे रक्त यायचं, म्हणून तिने तिथे ब्रश लावणं सोडून दिलं. जिथे रक्त येतं तिथे हात कशाला लावा, असा तिचा सरळ हिशेब. मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, लवंग चघळायची, आणि काहीही नसल्यासारखं कामाला लागायचं. हिरडी सुजायची, आपली आपण बसायची. जेवताना दाढ किंचित खाली गेल्यासारखी वाटायची आणि परत वर यायची. दाढ म्हणजे काय पलंगाची स्प्रिंग आहे? पण तिने तेही चालवून घेतलं. चालवून घेण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

एक दिवस नखांची मुलगी आली नाही आणि पुढे बायांची रांग लागली. मॅडमचा नाइलाज झाला. "ताई, जरा पुढे ये."

ती हात पुसत आली. तिच्या खुर्चीत बँकेतल्या बाई बसल्या होत्या, तिचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी नेहमीप्रमाणे पर्स उघडली, एक पेपरमिंट स्वतः घेतलं, एक तिच्यापुढे केलं. "घ्या ना ताई. घ्याच." किती प्रेमळ बाई, असं हिला दर वेळी वाटायचं. पण दोरा धरायचा असताना गोळी कशी चघळणार? तिने ती खिशात टाकली, दोरा दाढेत धरला आणि वाकली. पहिली भुवई सुरेख झाली. दुसरीच्या कडेला एक चिवट केस होता. तिने मानेनेच हिसका दिला. दाढ जागची हलली. आतून काहीतरी उपसल्यासारखी कळ कानापर्यंत गेली, तोंड खारट झालं, आणि पांढऱ्या दोऱ्यावरून लाल रंग सरसर बोटांकडे आला. तिने दोरा सोडायच्या आत एक थेंब बँकेतल्या बाईंच्या कपाळावर पडला.

बाईंनी डोळे उघडले. आरशात पाहिलं. पुढचं काय सांगावं! त्या किंचाळल्या नाहीत, हे त्यांच्या चांगुलपणाचं. एका पूर्ण आणि एका अर्ध्या भुवईनिशी उठल्या, कपाळ पुसलं आणि "राहू दे, राहू दे, मला उशीर होतोय" म्हणत निघून गेल्या. मॅडमनी फक्त एवढंच म्हटलं, "डॉक्टरला दाखवून ये. तोवर पुढे येऊ नकोस."

तिला ठाऊक असलेले दाताचे डॉक्टर म्हणजे दाढ उपटून देणारे. त्यांनी तिला आत बघताक्षणी दुसरीकडे पाठवलं. तिथे हिरड्यांची डॉक्टर होती, एक तरणी बाई, केस घट्ट बांधलेली, बोलायला मऊ. तिने बारीक खुणांची एक सळई घेतली आणि हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीत घालत फट किती मिलिमीटर खोल ते आकड्यांत बोलायला सुरुवात केली. शेजारी एक मदतनीस ते लिहून घेत होती. तीनपर्यंत ठीक, असं आधी सांगितलेलं होतं. पुढच्या दातांना तीन, चार आले. डाव्या दाढेपाशी डॉक्टरीणबाई हळू झाल्या. "आठ. नऊ. मागे नऊ." भिंतीवरच्या पेटीवर तिचा एक्सरे लावला होता. खालच्या दाढेला दोन मुळं असतात, फांदीच्या बेचक्यासारखी. तिच्या त्या बेचक्यात हाड असायला हवं तिथे काळं भोक दिसत होतं.

"मधलं हाड झिजलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या पोकळीत बरीच वर्षं घाण साचत आलीय. पू होतो आत. तोंडाला वासही खूप दिवसांपासून येत असणार. घरी कुणी काही बोललं नाही?"

त्या वेळी तिच्या तोंडात आरसा होता, सळई होती आणि डॉक्टरीणबाईंची दोन बोटं होती. डोक्यावर दिवा. खुर्ची इतकी मागे झुकलेली की पाय डोक्यापेक्षा वर. या अवस्थेत माणसाने काय उत्तर द्यावं? तिने घशातून "अं" असा आवाज काढला. डॉक्टरीणबाईंनी तो "नाही" असा घेतला आणि पुढे बघू लागल्या. पण तिच्या डोक्यात एकेक गोष्ट यायला लागली आणि उठून पळावं म्हटलं तर पळता येईना.

बँकेतल्या बाईंची पेपरमिंटं. मागच्या खोलीतलं ते उंच-खाली बसणं. नवरा गेल्या वर्षीपासून बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता, "मी घोरतो, तुझी झोपमोड नको" म्हणून. तो घोरत नव्हता. ती भिंतीपलीकडून ऐकायची तर घोरण्याचा आवाज कधी यायचाच नाही, आणि तिला वाटायचं, बाहेर हवा खेळती आहे म्हणून थांबलं असेल. लेक औषधांच्या दुकानात काउंटरला होती. तिने चूळ भरायच्या औषधाची बाटली आणून मोरीत ठेवली होती. "कंपनीने फुकट दिली, आई. वापर ना तू." हिने ती जपून ठेवली, पाहुणे आले तर म्हणून. आणि ते श्वास रोखणं! कातडी ताणली जाते म्हणे. मुलींना शिकवलं. त्या माना डोलावत होत्या.

कानशिलं तापून डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि थेट कानात गेलं. "दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ती परत "अं" म्हणाली.

घरी आली तेव्हा नवरा पंख्याची मोटार उघडून बसला होता. मोटारींना तार गुंडाळायचं त्याचं काम, उरलेलं घरी आणायचा. तिने दारातच विचारलं, "अहो, माझ्या तोंडाला वास येतो?"

त्याने वर पाहिलं नाही. तारेचं टोक शोधत म्हणाला, "काही नाही गं. कोण म्हणालं?"

"डॉक्टर म्हणाल्या."

"डॉक्टरांना काय, काहीतरी सांगायचं म्हणून सांगतात."

स्वयंपाकघरातून लेक आली, तिने बापाकडे पाहिलं, बापाने लेकीकडे पाहिलं. अळीमिळी गुपचिळी. हिला वाटलं, दोघांना धरून गदागदा हलवावं आणि ओरडावं. पण ओरडायला तोंड उघडावं लागतं. तिने हात तोंडावर ठेवला आणि आत गेली. त्या संध्याकाळपासून ती घरात हात तोंडावर धरून बोलायला लागली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे, आणि कुणाविरुद्ध?

डॉक्टरीणबाईंनी दोन रस्ते ठेवले होते. दाढ काढून टाकायची, म्हणजे प्रश्न मिटला. पण मग डावीकडे चावायला काही उरणार नाही आणि उजवीकडे आधीच उजाड. नाहीतर शस्त्रक्रिया. हिरडी चिरून बाजूला करायची, आतलं सगळं साफ करायचं. दाढेचं मागचं मूळ गेल्यात जमा होतं, ते कापून काढायचं आणि पुढच्या मुळावरची अर्धी दाढ राखायची. "अर्धी दाढ टिकेल?" हिने विचारलं. हात तोंडावर.

"नीट राखलीत तर पुष्कळ वर्षं टिकेल."

"दोरा धरता येईल?"

डॉक्टरीणबाईंना समजेना. हिने पिशवीतून रीळ काढलं, दोरा तोडला, पीळ घातला आणि स्वतःच्या मनगटावरचा एक केस उपटून दाखवला. तोंडात धरल्याची नुसती खूण केली, खरं धरायचा धीर झाला नाही. बाई मन लावून बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली. "अशी ओढ नको. या दाढेला तर नाहीच, शेजारच्यांनाही नको. हिरडीचा आजार दोऱ्याने झालेला नाही, तो साफ न केल्याने झाला. पण आधीच सैल झालेल्या दाताला तुम्ही रोज दिवसभर हिसके देत होतात. यापुढे दोरा दातात धरायचा नाही. कधीच नाही."

म्हणजे दाढ वाचवायची खुर्चीसाठी, आणि दाढ वाचली की खुर्चीवरचं काम बंद. इकडे आड, तिकडे विहीर. तिने घरी न विचारता होकार दिला. विचारणार तरी काय? ते म्हणाले असते, काही नाही गं.

आधी नुसत्या सफाईसाठी खेपा झाल्या. मग त्या दाढेच्या पुढच्या मुळाची नस काढली. मग शस्त्रक्रियेचा दिवस आला. लेक बाहेरच्या बाकावर बसली.

भूल फक्त जबड्याला होती, बाकी ती लख्ख जागी. जबडा मिटू नये म्हणून उजवीकडे रबराचा ठोकळा सारला, चेहऱ्यावर हिरवं कापड टाकलं, त्याला तोंडापुरतं भोक. दुखत काहीच नव्हतं, पण सगळं कळत होतं. हिरडी दातांपासून सुटताना ओली चरचर झाली. मग खरवडणं सुरू झालं. भांड्याच्या बुडाला लागलेलं खरवडतात ना, तस्सा आवाज, फक्त तो कानाच्या आतून येत होता. हाडावर हत्यार घासलं की डोक्याची कवटी गुणगुणायची. नळी सुर्र सुर्र करत रक्त ओढत होती. तिला गिळावंसं वाटलं, गिळता येईना. थांबा म्हणावंसं वाटलं, जीभ जड. हात उचलावा तर कापडाखाली हात कुठे आहेत तेच उमगेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे तोंड उघडं ठेवून चाललं होतं.

"आता दाढ कापतेय. पाण्याचा फवारा येईल, घाबरू नका."

यंत्र किंचाळलं. जळक्या हाडाचा वास आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक वास. कुजका, गोडसर, साचलेल्या डबक्याचा. मदतनीस बाईने मास्कच्या आत नाक आक्रसलं, ते हिला कापडाच्या सरकलेल्या कडेतून दिसलं. तो वास तिला पहिल्यांदाच आला. दोन वर्षं तिने तो सगळ्यांच्या नाकाशी नेला होता, वीतभर अंतरावर, दिवसातून वीस-वीस वेळा. तिला मरून जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी भयंकर रागही आला, त्या सगळ्या प्रेमळ, समजूतदार, सुसंस्कृत माणसांचा, ज्यांनी नाकं दाबली पण तोंडातून ब्र काढला नाही. कापडाखाली ती दोन्ही गोष्टींनी थरथरत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालंच हं, हलू नका."

कट्ट असा आवाज झाला आणि अर्धी दाढ एका मुळासकट ताटलीत पडली. मग टाके, टाक्यांवर गुलाबी लगदा थापला, आणि कापड निघालं.

टाके होते तोवर बोलायला मनाई होती. मऊ आणि थंड खायचं, दुसऱ्या बाजूच्या हिरडीने चघळायचं, औषधाच्या पाण्याने चूळ भरायची. घरात सगळे चवड्यांवर चालत. नवरा बर्फाची पिशवी भरून द्यायचा. लेक विचारायची, "आई, काही हवंय?" ही मान हलवायची. तोंड शिवलेलं असल्यामुळे त्या दोघांना फार मोकळं वाटत असणार, असा तिला संशय होता.

पण हात रिकामे बसेनात. दोरा दातात नाही तर नाही, गळ्यात बांधून भुवया कोरणाऱ्याही बाया असतात. तिने आजवर त्यांची टर उडवली होती. "ते काय काम आहे? गुरासारखं दावं बांधून." आता तिने गपचूप दाव्याला मान दिली. पलंगाच्या कडेला बसायची, दोऱ्याचा फास मानेभोवती घ्यायची, पाय वर घेऊन स्वतःच्या पोटरीवर सराव करायची. पहिल्यांदा दोरा निसटला. मग कातडी चिमटली. दोरा ताठ ठेवायला आता संपूर्ण मान मागे न्यावी लागे, आणि मान जराशी वळली की सगळा ताण बिघडे. एवढ्या वर्षांची कारागीर पोटरीवर रक्ताचे ठिपके काढत बसली. टाके निघाले तोवर एक पोटरी गुळगुळीत झाली होती आणि हात जागेवर आला होता.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सळई घातली. तीन. चार. तीन. "छान भरून येतंय," त्या म्हणाल्या. अर्ध्या दाढेवर टोपी बसवून दिली. औषधाचं पाणी आणखी काही दिवस चालू ठेवा म्हणाल्या.

ती थेट पार्लरमध्ये गेली. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. "मॅडम, बसा," ती म्हणाली. "तुमच्याच भुवया करून दाखवते. जमलं नाही तर मागची खोली आहेच."

मॅडम बसल्या, डोळे मिटले. हिने गळ्यात दोरा घेतला आणि वाकली. एक भुवई झाली. हात कुठे अडखळला नाही. मॅडमनी डोळे उघडून आरशात बघितलं. "अगं, फरकच नाही! उद्यापासून खुर्ची तुझी."

तिला इतका आनंद झाला की दुसरी भुवई घेता घेता तोंडातून निघून गेलं, "मॅडम, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

मॅडमना काय ते कळलं. एक भुवई कोरलेली, एक झुडूप, कपाळावर दोरा. उठून जायची सोय नव्हती. त्या म्हणाल्या, "तुझे मिस्टर आले होते इथे. मागच्या वर्षी. पायरीवर उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, तुमचं ऐकते ती, तुम्ही सांगा. मी म्हटलं, असलं नवऱ्याने सांगावं. मग मी तुझ्या लेकीला दुकानात गाठलं. ती म्हणाली, मी बाबांना सांगितलंय, बाबा सांगणार आहेत."

"आणि?"

"आणि काय? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?"

दोन वर्षं तिच्या तोंडाबद्दल सगळे बोलले होते, पायऱ्यांवर, काउंटरवर, जेवणानंतर, सगळीकडे. फक्त तिच्याशी सोडून. "तुला वाईट वाटेल म्हणून गं," मॅडम म्हणाल्या. हिने दुसरी भुवई पहिलीसारखीच केली. तिला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. याच बाईकडे काम करायचं होतं, त्याच घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आरशासमोरच्या खुर्चीमागे उभी राहिली. सगळ्यांनी कौतुक केलं. नखांच्या मुलीने गळामिठी मारली आणि जरा जास्तच वेळ तोंडाजवळ तोंड ठेवलं, म्हणजे सगळ्यांना दिसावं. हिने ओठ गच्च मिटून घेतले होते.

पहिलं गिऱ्हाईक नवीनच होतं. शाळेत शिकवणारी कुणीतरी, वह्यांनी भरलेली पिशवी मांडीवर. डोळे मिटून मान मागे टाकली आणि बोलायला लागली. "ताई, तुम्हाला मुलं किती?"

दोरा आता गळ्यात होता, तोंड मोकळं होतं. उत्तर देणं भाग होतं. पण त्या चेहऱ्यावर वाकून तोंड उघडायचं तिला होईना. ती भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "एकच. मुलगी." मान वळताच दोरा खेचला गेला.

"आई गं!" भुवईखाली लाल ठिपका आला.

"चुकलं, चुकलं," ती भिंतीलाच म्हणाली.

गल्ल्यावरून मॅडमनी पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्या अगदी प्रेमाने आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं, तिकडे काय बघतेस? बोल की मोकळेपणाने! आता काही येत नाही!"

केस वाळवायचं यंत्र नेमकं बंद होतं. कात्र्या थांबल्या. शाळेतल्या बाईंनी एक डोळा उघडला. "काय येत नाही?"

आरशात सगळे चेहरे दिसत होते आणि एकूण एक चेहरा खाली बघत होता. नखांची मुलगी बाटलीचं झाकण लावत होती, ते आधीच लागलेलं होतं. आता यांच्यातलं कुणी बोलणार नाही, हे तिला कळून चुकलं. ती वाकली, अगदी वीतभर अंतरावर, मान सरळ ठेवून.

"माझ्या तोंडाला वास यायचा," ती म्हणाली. "दाढेच्या मुळाशी पू झाला होता. हिरडी कापून काढला. आता येत नाही म्हणतात."

शाळेतल्या बाईंनी नाकाने श्वास आत घेतला. परत एकदा घेतला, वर्गात मूल काहीतरी विचारतं तेव्हा विचार करतात तसा विचार केला.

"येतोय की," त्या म्हणाल्या. "थोडासा. औषधाचा असेल."

मॅडम गल्ल्यामागून उठल्याच. "अहो बाई, काहीतरीच काय?" असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

तिचे दोन्ही हात दोऱ्यात गुंतले होते, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत. एक थेंब बाईंच्या गालावर पडला, पाण्याचाच.

"औषधाचाच आहे," ती म्हणाली. "आणखी काही दिवस घ्यायचंय. दिवसातून दोनदा." तिचा आवाज फाटला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "पुढच्या वेळी याल तेव्हाही सांगाल ना?"

"सांगेन की. त्यात काय?"

"बरं," ती म्हणाली आणि तिने दुसरी भुवई घेतली.